एडीएचडी असलेल्या मुलाची रात्रीची झोप: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. दुसरीत असताना त्याला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं अवघड जातं अशी अवस्था) असल्याचं निदान झालं, पण झोपेची आमची ओढाताण त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. थेरपीच्या तासाला मुलं आत असतात आणि आम्ही आईबाबा बाहेरच्या बाकावर. बोलणं अभ्यासापासून सुरू होतं आणि पाच मिनिटांत झोपेवर येतं. त्या बाकावर पुन्हा पुन्हा ऐकलेले प्रश्न आणि आज मला देता येतात ती उत्तरं इथे लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिलं आहे ते डॉक्टरांना काय विचारायचं हे कळावं म्हणून. निर्णय त्यांच्याबरोबर बसूनच घ्या.

दिवसभर इतका धावतो, मग रात्री पडल्या पडल्या झोप का लागत नाही?

दमणं वेगळं आणि झोप येणं वेगळं. झोप यायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक म्हणजे जितका वेळ जागे राहू तितकी साठत जाणारी झोपेची ओढ. दुसरी म्हणजे शरीरातलं घड्याळ. अंधार पडू लागला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडायला लागते आणि 'रात्र झाली' असा निरोप सगळ्या शरीराला जातो. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये हा निरोपच उशिरा निघतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००५ साली सहा ते बारा वर्षांची मुलं तपासली. सगळ्यांना एडीएचडी होता, पण काहींना झोप लागायला त्रास होता आणि काहींना नव्हता. त्रास असलेल्या मुलांमध्ये मेलाटोनिन सरासरी रात्री साडेआठच्या सुमाराला वाढायला लागत होतं, त्रास नसलेल्यांमध्ये पावणेआठला. म्हणजे पाऊण तासाचा फरक.

त्यात भर म्हणजे, झोपायचं तर चालू असलेलं सगळं थांबवावं लागतं. खेळ थांबवायचा, बोलणं थांबवायचं, डोक्यातली गोष्ट अर्धवट सोडायची. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणं हेच तर या मुलांना सगळ्यात जड जातं. सकाळी शाळेसाठी बूट घालताना जे होतं, तेच रात्री अंथरुणावर होतं.

म्हणजे तो मुद्दाम करत नाही?

नाही. हे मला पटायला दोन वर्षं लागली, म्हणून स्पष्ट लिहिते आहे. नऊ वाजता 'झोप' म्हटलं की अंगात आल्यासारखा उड्या मारायचा, आणि मला वाटायचं हा माझी परीक्षा बघतोय. खरं तर आपापल्या नैसर्गिक झोपेच्या वेळेआधीचे एक-दोन तास सगळ्यांचाच मेंदू चांगला टवटवीत असतो. दिवसभर साठलेल्या झोपेच्या ओढीला घड्याळ तेव्हा जोर लावून थोपवून धरतं. ज्या मुलाचं घड्याळ अकराला झोपेकडे वळतं, त्याला नऊला झोपवणं म्हणजे नेमकं त्याच टवटवीत वेळी दिवा मालवणं.

आणखी एक. कमी झोपलेला मोठा माणूस पेंगतो, लहान मूल चेकाळतं. त्यामुळे रात्री उशिरापर्यंत हुंदडणारं मूल पाहून 'याला झोपच आली नाहीये' असं वाटतं, आणि कित्येकदा ते झोपेअभावी पुरतं शिणलेलं असतं.

मग रोज नऊलाच अंथरुणावर घालत राहायचं का?

माझं उत्तर: नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. या पानावरची एकच गोष्ट करून बघायची असेल तर ही बघा.

एक आठवडा काहीही बदलू नका. फक्त तो खरोखर किती वाजता झोपला ते कॅलेंडरच्या चौकोनात लिहा. अंथरुणावर कधी गेला ते नको, डोळा कधी लागला ते हवं. समजा सरासरी पावणेअकरा आली. पुढच्या आठवड्यात त्याला साडेदहा-पावणेअकराच्या आधी अंथरुणावर नेऊच नका. त्याआधीचा वेळ शांत जाऊ दे, दिवे मंद, पण तो अंथरुणाबाहेर बसलेला. सकाळी मात्र रोज ठरलेल्या वेळीच उठवा, रात्री कितीही उशीर झालेला असो. चार-पाच रात्री तो वीस मिनिटांच्या आत झोपू लागला की वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा. पुन्हा तो झटपट झोपायला लागेपर्यंत तिथेच थांबा. मग आणखी पंधरा मिनिटं. मध्येच गाडं अडलं तर एक पायरी मागे जा.

ऐकायला हे उलटं वाटतं. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, 'अगं, आधीच उशिरा झोपतो आणि तू आणखी उशीर करतेस?' पण यामुळे जे बदलतं ते असं: अंथरूण म्हणजे दोन तासांची रडारड, ही त्याच्या डोक्यात बसलेली जोडी तुटते. अंथरुणावर पडलं की झोप लागते, हा अनुभव त्याला बहुधा पहिल्यांदाच मिळतो. आमच्याकडे पावणेअकरापासून साडेनऊपर्यंत यायला दोन महिने लागले. नऊ कधीच वाजले नाहीत, आणि आता ते वाजावेत असा माझा आग्रहही नाही.

एक सावधगिरी. पहिल्या आठवड्यात मुलाची झोप थोडी कमी पडते. परीक्षा, ताप, प्रवास अशा दिवसांत हे सुरू करू नका. फिट येणाऱ्या मुलासाठी तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका, कारण झोप कमी झाल्याने फिट येऊ शकते.

त्याला नक्की किती झोप हवी?

अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दिलेले आकडे जगभर वापरले जातात: तीन ते पाच वर्षं, दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास, सहा ते बारा वर्षं, नऊ ते बारा तास, तेरा ते अठरा वर्षं, आठ ते दहा तास. एडीएचडीसाठी वेगळा आकडा नाही. सकाळी हाकेसरशी उठतो का आणि शाळेच्या बसमध्ये झोपतो का, यावरून तुम्हाला तुमच्या मुलाचा आकडा कळेल.

संध्याकाळपासून झोपेपर्यंतचा क्रम कसा असावा?

छोटा, रोज तोच, आणि डोळ्यांना दिसेल असा. या मुलांना सूचना ऐकून लक्षात ठेवणं अवघड जातं, म्हणून आम्ही पाच चित्रं काढून कपाटाच्या दाराला चिकटवली: जेवण, दात, शू, पायाला तेल, गोष्ट. झालेल्या चित्रावर तो स्वतः कपड्याचा चिमटा लावायचा. 'दात घासलेस का' हे दहादा विचारायची गरज संपली.

जेवण झोपण्याच्या आधी निदान दीड-दोन तास. आपल्याकडे साडेनऊला पानं मांडली जातात, ही खरी अडचण आहे. आम्ही मुलाला आठला वरण-भात देऊन मोकळं करतो आणि आमचं नंतर. एकत्र जेवण रविवारी दुपारी.

गरम पाण्याची आंघोळ उपयोगी पडते, पण अगदी झोपताना नाही, एक-दोन तास आधी. कोमट-गरम पाण्याने हातापायांकडे रक्त खेळतं, शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते, आणि आतलं तापमान उतरायला लागलं की झोप येते. मोठ्या माणसांवर झालेल्या अभ्यासांतून याने झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते असं दिसलं आहे. पाण्यात खेळून तुमचं मूल उलट चेकाळत असेल तर मात्र आंघोळ संध्याकाळी सहालाच उरकलेली बरी.

तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासायची आपली जुनी रीत आहे. उष्णता उतरते वगैरे जे सांगतात त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण माझ्या मुलाला खोल, संथ दाब हवासा वाटतो. दहा मिनिटं वाटी फिरवली की त्याच्या खांद्यांतला ताण सुटलेला मला दिसतो. त्या वेळात मी काही विचारत नाही, शिकवत नाही. दिवसभरातला हा एकच वेळ असा असतो की मी त्याला काहीही दुरुस्त करायला सांगत नाही.

आमचं घर एका खोलीचं आहे. टीव्ही चालू असतो, नवरा साडेदहाला येतो. हे सगळं कसं जमायचं?

बहुतेक सल्ल्यांत 'मुलाच्या खोलीत अंधार आणि शांतता ठेवा' असं लिहिलेलं असतं, आणि आपण वाचून तिथेच थांबतो. वेगळी खोली नसली तरी काही गोष्टी होतात. ट्यूबलाइट बंद करून कोपऱ्यात मंद पिवळा दिवा लावा. मुलाचं अंथरूण टीव्हीकडे पाठ होईल असं घाला, मध्ये दोरीवर जुनी साडी किंवा चादर टाका. पंख्याचा एकसुरी आवाज भांड्यांचा आणि बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी गिळतो. आजोबांना बातम्या बघायच्या असतील तर हेडफोन घेऊन द्या. हा खर्च मला सगळ्यात कारणी लागलेला वाटतो.

बाबा उशिरा येण्याचा प्रश्न जास्त नाजूक आहे. बाबाची वाट बघत मूल जागं राहतं, आणि दार वाजलं की सगळी तयारी पाण्यात. काही घरांनी बाबाची भेट सकाळवर नेली: वीस मिनिटं फक्त दोघांची, दूध आणायला जाणं किंवा गच्चीत फिरणं. सकाळचा उजेडही त्यात आपोआप मिळतो, आणि सकाळचा उजेड हे शरीराचं घड्याळ अलीकडे आणायचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. रात्री उशिरा आलेल्या बाबाने झोपलेल्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा आणि दिवा न लावता जेवायला बसावं.

मोबाईल हातात दिला की तो शांत पडतो. मग वाईट काय?

शांत पडतो, झोपत नाही. उजेड मेलाटोनिनला अडवतो, आणि लहान मुलांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त उजेड शिरतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात खेळल्यावर मेलाटोनिन जवळजवळ ८८ टक्क्यांनी खाली गेलं. तो उजेड मोबाईलपेक्षा कितीतरी प्रखर होता, हे खरं. पण मोबाईलची गोष्ट उजेडावर संपत नाही. एकामागून एक येणारे छोटे व्हिडिओ कुठे संपतच नाहीत, आणि थांबणं ज्याला सगळ्यात अवघड त्याच्याच हातात आपण न संपणारी वस्तू देतो.

झोपायच्या तासभर आधी मोबाईल बंद, आणि तो घरातल्या सगळ्यांचा एकाच डब्यात. मुलाचा काढून घेऊन आपण स्क्रोल करत बसलो तर नियम दोन दिवसही टिकत नाही. एकदम बंद करण्याऐवजी त्याची जागा भरा: कान देऊन ऐकायची गोष्ट, ठोकळे, चित्र रंगवणं, कणकेचा गोळा. हाताला चाळा हवाच.

दिवा घालवला की पाणी, शू, भूक, पुन्हा पाणी. काय करायचं?

आधी खऱ्या गरजा पुरवून टाका. दिवसा एडीएचडीचं औषध घेणाऱ्या मुलांची भूक मरते आणि औषध उतरल्यावर रात्री सपाटून लागते. त्यामुळे 'भूक लागली' हा बहाणा असेलच असं नाही. झोपण्याच्या तासभर आधी एक केळं किंवा दूध-पोळी द्या, पाण्याची बाटली उशाशी ठेवा.

मग पास. एक पुठ्ठ्याचं कार्ड करा, त्यावर त्याचं नाव लिहा. रात्री एकदा हे कार्ड देऊन तो एक गोष्ट मागू शकतो: पाणी, मिठी, भीती वाटते म्हणून सांगणं, काहीही. कार्ड दिलं की संपलं. न वापरता सकाळी परत दिलं तर छोटंसं बक्षीस, आवडीचा नाश्ता किंवा एक स्टिकर. ही पद्धत बालमानसशास्त्रात १९९९ पासून अभ्यासलेली आहे आणि आमच्याकडे तिसऱ्या रात्री लागू पडली. माझा मुलगा कार्ड घट्ट मुठीत धरून झोपायचा. मागण्याचा हक्क आपल्याकडे आहे, एवढ्यानेच त्याची चुळबूळ कमी झाली असावी.

कार्ड संपल्यावर आला तर न रागावता, न बोलता, हाताला धरून परत नेऊन झोपवा. पहिल्या रात्री आठ वेळा न्यावं लागेल. तेव्हा आवाज चढवायचा नाही, हेच सगळ्यात अवघड आहे.

पडला की डोक्यात विचार सुरू होतात, भीती वाटते म्हणतो.

एडीएचडीबरोबर चिंतेचा त्रास बऱ्याच मुलांना असतो, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका. दिवसभर आजूबाजूच्या गडबडीत झाकलेले विचार अंधारात वर येतात: बाईंनी वर्गात उभं केलं, मित्राने डब्यातलं घेतलं नाही. दिवेलागणीच्या वेळी दहा मिनिटं 'काळजीची वही' काढा. तो सांगेल ते तुम्ही लिहा किंवा त्याला चित्र काढू द्या, वही मिटा, कपाटात ठेवा. रात्री तोच विषय निघाला तर 'ते वहीत आहे, उद्या संध्याकाळी बघू' एवढंच. भीती रोजची असेल, शाळेत जायलाच नको म्हणत असेल, तर समुपदेशकांना दाखवा.

औषधामुळेच झोप उडते असं ऐकलंय. खरं का?

उडू शकते. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीसाठी दिलं जाणारं उत्तेजक औषध. साधी गोळी साधारण चार तास काम करते, हळूहळू विरघळणारी आठ ते बारा तास. अशी लांब पल्ल्याची गोळी सकाळी दहाला घेतली तर रात्री आठ-नऊपर्यंत तिचा अंमल राहू शकतो. म्हणून गोळी किती वाजता दिली जाते हे डॉक्टरांना नेमकं सांगा. 'सकाळी' एवढं पुरत नाही.

पण उलटही घडतं. औषध उतरताना काही मुलं संध्याकाळी एकदम चिडचिडी आणि दुप्पट चंचल होतात, आणि त्यामुळे झोपत नाहीत. अशा काही मुलांना डॉक्टर संध्याकाळी छोटी मात्रा वाढवून देतात आणि त्याने झोप सुधारते. ॲटोमोक्सेटिन या एडीएचडीच्याच दुसऱ्या औषधाने कुणाला झोप येते, कुणाची जाते. दिवसातली वेळ बदलून बघतात. क्लोनिडीनने झोप येते, पण ते रक्तदाबाचं औषध आहे आणि अचानक बंद केलं तर रक्तदाब एकदम चढू शकतो. यातलं काहीही शेजारच्या मुलाला लागू पडलं म्हणून आपल्या मुलाला देऊ नका, आणि झोप येत नाही म्हणून स्वतःहून गोळी बंदही करू नका. औषध सुरू व्हायच्या आधीही झोपेचा त्रास होता का, हे आठवून ठेवा. डॉक्टर हा प्रश्न विचारतातच.

मेलाटोनिन द्यावं का?

सवयी बदलून पाहिल्यानंतर आणि बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांच्या सांगण्यावरून, हो, काही मुलांना उपयोग होतो. वर सांगितलेल्या डच संशोधकांनीच २००७ मध्ये एडीएचडीच्या १०५ मुलांना चार आठवडे मेलाटोनिन किंवा नुसती नकली गोळी दिली. मेलाटोनिन घेतलेली मुलं सरासरी २७ मिनिटं लवकर झोपू लागली, नकली गोळीवाली दहा मिनिटं उशिरा. दिवसाच्या वागण्यात मात्र फरक पडला नाही. म्हणजे याने झोप अलीकडे येते, एडीएचडी कमी होत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या रंगीत, गोड गमी गोळ्यांपासून सांभाळा. अमेरिकेत २०२३ साली अशा २५ उत्पादनांची तपासणी झाली, त्यातल्या २२ मध्ये लेबलवर लिहिलेलं प्रमाण आणि आतलं प्रमाण जुळलं नाही. एकात तर जवळपास साडेतीनपट निघालं. मात्रेपेक्षाही वेळ महत्त्वाची असते, तीसुद्धा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. आणि गोळी घेऊन तो लख्ख ट्यूबलाइटखाली मोबाईल बघत बसला तर गोळी एकीकडे आणि उजेड दुसरीकडे ओढणार.

आजी जायफळ उगाळून द्यायला सांगते. आणि सर्दीच्या औषधाने तो छान झोपतो.

जायफळाबद्दल आजीला प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा. श्रीखंडात चिमूटभर असतं ते वेगळं. झोपेसाठी रोज उगाळून देताना मात्रा कुणी मोजत नाही, आणि जास्त झालं तर जायफळ विषारी ठरतं: उलट्या, छातीत धडधड, भ्रम होतो. लहान शरीराला 'जास्त' व्हायला फार लागत नाही.

सर्दी-खोकल्याचं औषध झोपेसाठी देणं तर नकोच. त्यातल्या ॲलर्जीच्या औषधाने काही मुलं झोपण्याऐवजी उलट सैरभैर होतात. सर्दीच्या औषधांत असणाऱ्या क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रीन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना लेबलवर छापायला लावला.

हळदीचं दूध द्या, आवडत असेल तर. चहा मात्र दुपारनंतर नको, बशीतला घोटभरही नको. कोला आणि कोल्ड कॉफी संध्याकाळी नकोच.

घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो, पाय सारखे हलवतो. याचा एडीएचडीशी संबंध आहे?

असू शकतो, आणि हा प्रश्न खूप उशिरा विचारला जातो. 'बाबाही घोरतात' म्हणून सोडून दिलं जातं.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणं, मध्येच श्वास अडकल्यासारखं होऊन दचकणं, मान मागे टाकून झोपणं, उशी घामाने भिजणं, मोठ्या वयातही अंथरूण ओलं होणं: यातलं काही दिसलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाढून श्वास अडत असेल तर मूल रात्रभर अर्धवट जागं होतं आणि दिवसा अगदी एडीएचडीसारखं वागतं. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत अशा मुलांच्या ग्रंथी काढल्यावर झोप आणि वागणं सुधारलं. लक्षाच्या चाचण्यांमध्ये मात्र म्हणावा तसा फरक दिसला नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेने एडीएचडी जाईल ही आशा धरू नका. पण श्वास अडत असेल तर त्यावर उपचार झालेच पाहिजेत. जाण्याआधी मोबाईलवर त्याच्या झोपेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरांना शंभर शब्दांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

पायांचं वेगळं. 'पायात मुंग्या चालतात', 'पाय ओढल्यासारखे वाटतात', 'दाबून दे' असं मूल रात्रीच म्हणत असेल आणि पाय हलवल्यावर बरं वाटत असेल तर त्याला अस्वस्थ पायांचा त्रास असू शकतो. एडीएचडीच्या मुलांमध्ये तो जास्त आढळतो. यामागे अनेकदा शरीरातला लोहाचा साठा कमी झालेला असतो. नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही, ते ठीक असतानाही साठा रिकामा असू शकतो. म्हणून फेरिटिनची रक्ततपासणी करावी का, हे विचारा. अशा त्रासात फेरिटिन ५० च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. आपल्याकडे हा मुद्दा दूरचा नाही: २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी दोघांना रक्तक्षय होता. लोहाच्या गोळ्या मनाने मात्र देऊ नका, जास्त झालेलं लोह मुलांना घातक असतं. जेवणाबरोबर चहा बंद करणं आणि पालेभाजीवर लिंबू पिळणं एवढं आजपासून करता येईल.

वजनदार पांघरुणाने फायदा होतो का?

काही मुलांना आवडतं, पण झोप नक्की सुधारते असा भक्कम पुरावा नाही. हजारो रुपये घालण्याआधी घरातली जुनी जाड गोधडी किंवा वाकळ कमरेखाली टाकून बघा. मुलाला ती स्वतःहून सहज बाजूला सारता आली पाहिजे, तोंडावर येता कामा नये. बाळांना आणि अगदी लहानांना असलं काही नको. आणि मे महिन्यात हा प्रयोग कुणीच करू नये.

शाळा सकाळी सातची आहे. इथेच सगळं फिसकटतं.

फिसकटतं खरंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, आणि कारण मुलांची झोप हेच दिलं. तुमचं मूल चौथीपर्यंत असेल आणि शाळा अजून सातला भरत असेल तर मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारायला हरकत नाही. पाचवीपासून हा आधार नाही. तिथे दप्तर, गणवेश, डबा, बूट सगळं रात्रीच दाराशी मांडून सकाळची वीस मिनिटं वाचवता येतात. दोन अंतरांवरच्या शाळांतून निवड करायची असेल तर मी जवळची निवडेन.

सुट्टी, गणपती, लग्नसराई आली की घडी विस्कटते.

विस्कटू द्या. लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद असावेत असा २००० सालचा नियम आहे, पण वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं आणि गणेशोत्सव-नवरात्रीत ती मिळते. तुमच्या गल्लीत मांडव असेल तर त्या दहा दिवसांत मुलाला नऊला झोपवायची लढाई हरलेलीच असते. उठायची वेळ मात्र तासाभरापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नका. दुपारी बारापर्यंत झोपलेल्या मुलाला पुन्हा रुळावर आणायला आठवडा जातो. गावाला गेलात तर त्याची उशी आणि कपाटावरची चित्रं बरोबर न्या.

घरातले म्हणतात, 'दोन धपाटे दे, झोपेल.'

धपाट्याने मूल रडतं, रडल्याने धडधड वाढते, आणि झोप आणखी तासभर लांबते. हे मी सांगते आहे कारण मी दिलेत. सासूबाईंशी वाद घालून काही झालं नाही. त्यांच्याकडे गोष्ट सांगायचं काम सोपवलं तेव्हा झालं. त्यांच्या गोष्टी लांब, संथ आणि तीन-चार वेळा त्याच. झोपेसाठी याहून चांगलं काय असणार.

आणि आमचं काय? आम्हीच कोसळायला आलोय.

पालकांची झोप हा या प्रश्नाचाच भाग आहे. आठवड्यातल्या रात्री वाटून घ्या. आज ज्याची पाळी नाही त्याने उठायचंच नाही, मूल नाव घेऊन हाका मारत असलं तरी. एकट्याने सांभाळत असाल तर आठवड्यातून एक रात्र बहीण, आई, शेजारीण, कुणाला तरी मागा. फारच असह्य झालं तर सरकारची टेली-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, तिथे मराठीतही बोलता येतं.

किती दिवसांत फरक दिसेल? डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं?

वेळ ठरवून केलेल्या बदलांना निदान तीन-चार आठवडे द्या. पहिला आठवडा बहुधा आधीपेक्षा वाईट जातो, आणि नेमके तेव्हाच आपण सोडून देतो. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एडीएचडीच्या २४४ मुलांपैकी अर्ध्यांच्या पालकांना झोपेच्या सवयींबद्दल फक्त दोन भेटी आणि एक फोन एवढी मदत दिली होती. सहा महिन्यांनंतरही त्या मुलांची झोप बाकीच्यांपेक्षा चांगली होती आणि एडीएचडीची लक्षणंही थोडी उतरली होती.

महिन्याभरात काहीच हललं नाही, किंवा घोरणं, पायांचा त्रास, रोजची भीती, दिवसा वर्गात झोपणं यातलं काही असेल तर थांबू नका. खाजगी तज्ज्ञ परवडत नसतील तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडीचा समावेश आहे. शाळेत किंवा अंगणवाडीत येणाऱ्या त्या पथकाला सांगितलं की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत पाठवतात. जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या. आमची वहीतली एक ओळ अशी असायची: 'मंगळवार. गोळी ७.१५. दुपारी झोप नाही. जेवण ८. अंथरूण १०.१५, झोप १०.४०. रात्री एकदा उठला, पाणी. सकाळी ६.४५, दोन हाकांत उठला.'